‘बाधतं’ म्हणजे किती वाजता?

गेल्या अंकात बाळाच्या वरच्या खाण्याबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं: सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवलेलं अंडं द्यायला हरकत नाही. बाकीच्या लेखावर दोन पत्रं आली, या एका वाक्यावर एकतीस. त्यातल्या बहुतेकांत एक शब्द होताच. बाळाला अंडं ‘बाधतं’, मला ‘बाधतं’, आमच्या माहेरी कुणालाच ते ‘मानवत’ नाही.

फार सोयीचा शब्द आहे हा. अंगावर गांधी उठल्या तरी बाधलं, पोट डब्ब झालं तरी बाधलं, पोराने दहा उलट्या केल्या तरी बाधलंच. कराडला चौतीस वर्षं ओपीडी चालवली, तेव्हा हा शब्द कानावर पडला की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असे: खाल्ल्यापासून किती वेळाने? उत्तर यायचं ‘लगेच’. खोदून विचारलं की ते लगेच कधी पाच मिनिटांचं निघे, कधी दुसऱ्या दिवशी सकाळचं. या दोन ‘लगेच’चा एकमेकांशी काही संबंध नसतो. एकात इंजेक्शन जवळ ठेवावं लागतं, दुसऱ्यात बहुधा कांदा कमी केला तरी भागतं.

एकतीस पत्रांतली सात निवडली आहेत, थोडी कापून.

प्रश्न (इचलकरंजी): डॉक्टरताई, माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. दोन महिन्यांचा असल्यापासून त्याचे गाल लाल आणि खरखरीत, खाजवून रक्त काढतो. सासूबाई त्याला उकडलेल्या अंड्याचा बलक देत होत्या, काही झालं नाही. मागच्या रविवारी जाऊबाईंनी आमलेटचा तुकडा भरवला. दहा मिनिटांत ओठ सुजले, पाठ-पोट लाल गांधींनी भरलं, एक उलटी झाली. सासूबाईंनी आमसूल भिजवून अंगाला चोळलं. ‘उष्ण पडलं, पित्त उठलंय’ म्हणाल्या. दोन तासांत सगळं गेलं. पण हाच मुलगा बेकरीतला साधा केक मजेत खातो! मग याला अंडं बाधतं म्हणायचं की नाही? लसीत अंडं असतं असं शेजारी म्हणाल्या, म्हणून गोवराची लसही थांबवली आहे.

उत्तर: शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. लस याच आठवड्यात द्या. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायचा असतो, तुम्ही आधीच उशीर केला आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस मानवी पेशींवर वाढवतात, तिथे कोंबडीचा संबंधच नाही. गालगुंडाचा अंश असलेली एमएमआर लस कोंबडीच्या गर्भाच्या पेशींचा वापर करून तयार होते, तरीही अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना ती इतर मुलांसारखीच देतात. अंड्याच्या भीतीने गोवर ओढवून घेतलेलं पोर मी पाहिलं आहे. त्या न्यूमोनियापुढे गांधी काहीच नव्हेत.

आता आमलेट. दहा मिनिटं ही वेळ तुम्ही लिहिलीत, हे फार बरं केलंत. कातडी आणि पोट दोन्हीकडे लक्षणं, तीही मिनिटांच्या हिशोबात. ही अंड्याची ॲलर्जी आहे असंच धरून चाला. अंड्यातल्या प्रथिनाविरुद्ध शरीराने आयजीई नावाची प्रतिद्रव्यं करून ठेवली, की पुढच्या वेळी ते प्रथिन दिसताच पेशी हिस्टामिन सोडतात आणि काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, गांधी, सूज, उलटी, खोकला सुरू होतो. उष्ण पडणारा पदार्थ दहा मिनिटांत ओठ सुजवत नाही. सासूबाईंना मात्र बोलू नका. आमसुलाने अंगाला गार वाटतं, आणि गांधी तास-दोन तासांत तशाही जातात, म्हणून श्रेय आमसुलाला मिळतं. मला लहानपणी आजीने घोंगडीवर लोळवलं होतं. तेव्हाही पित्त गेलंच. धोका आमसुलात नाही, ते भिजेपर्यंत मुलाच्या श्वासाकडे कुणाचं लक्ष नसतं, त्यात आहे.

केकचं कोडं सोपं आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात निम्म्याहून थोडं जास्त प्रथिन ओव्हॅल्ब्युमिन असतं. ते उष्णतेने मोडतं आणि शरीराला ओळखू येईनासं होतं. ओव्होम्युकॉइड नावाचं दुसरं प्रथिन साधारण दहा-अकरा टक्केच, पण चिवट. उकळलं तरी फारसं बदलत नाही. केकमध्ये अंडं मैद्यात गुंतलेलं असतं आणि भट्टीत १८० अंशांवर अर्धा तास भाजलेलं. आमलेट तव्यावर दोन मिनिटं. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी साधारण ७० टक्के मुलांना असं भट्टीत भाजलेलं अंडं चालतं. तुमचं पोर त्यातलं दिसतंय.

म्हणून केक बंद करू नका. लोक घाबरून सगळंच बंद करतात आणि चालणारं अन्नही पुढे चालेनासं होण्याची जोखीम घेतात. तोच साधा, आतपर्यंत भाजलेला केक, आजवर खातो तेवढाच चालू ठेवा. पण पुडिंग, कस्टर्ड, अंड्यात बुडवलेला ब्रेड, अंडं लावून तळलेलं कटलेट हे केकच्या खात्यात धरू नका, त्यांतलं अंडं अर्धवट शिजलेलं असतं. बलकही तपासणी होईपर्यंत थांबवा. घरी कितीही नीट वेगळा केला तरी त्याला पांढरा भाग चिकटलेला राहतोच. इतके दिवस निभावलं ते अंडं कडक उकडलेलं होतं म्हणून.

‘पांढरं कधी दिलंच नव्हतं, मग ॲलर्जी झाली कुठून?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई विचारतील. उत्तर त्या लाल गालांवर आहे. खरखरीत, भेगाळलेल्या कातडीतून घरातल्या अन्नाचे कण आत जातात. शरीराची अंड्याशी पहिली ओळख पोटातून न होता कातडीतून झाली, की ती बहुधा भांडणाने सुरू होते. त्यामुळे अंड्याइतकंच लक्ष गालांकडे द्या. दिवसातून दोन-तीनदा साधं, बिनवासाचं मलम, आणि डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं तर ते सांगितल्याप्रमाणे. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून ट्यूब कपाटात ठेवून देऊ नका.

तपासणीत हातावर अंड्याच्या अर्काचा थेंब ठेवून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते का ते पाहतात. त्याआधी आठवडाभर सेट्रिझिनसारखं ॲलर्जीवरचं औषध बंद लागतं, नाहीतर निकाल खोटा येतो. रक्तातली आयजीईही मोजता येते. मात्र नुसता रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ असणं म्हणजे ॲलर्जी नव्हे. अंडी मजेत खाणाऱ्या कितीतरी मुलांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. तुमच्या पत्रातली दहा मिनिटं आणि रिपोर्ट, दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं.

आणि इंजेक्शन. पुढच्या वेळी चुकून अंडं पोटात गेलं आणि श्वास घरघरला, आवाज बसला, खोकला थांबेना, मूल पांढरंफटक किंवा मलूल पडलं, उलट्यांवर उलट्या झाल्या, तर औषध एकच: ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सेट्रिझिनच्या थेंबांनी खाज थांबते, श्वास वाचत नाही. परदेशात मिळतं ते इंजेक्शनचं तयार पेन आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. म्हणून डॉक्टरांकडून औषधाची काचेची कुपी (ॲम्प्यूल), एक मिलीची सिरिंज आणि वजनाप्रमाणे किती ओढायचं ते कागदावर लिहून घ्या, आणि सिरिंजमध्ये पाणी भरून मोसंबीवर सराव करा. माझ्या एका पेशंटच्या आजीने डझनभर मोसंबी टोचून खराब केली आणि घरात सगळ्यात स्थिर हात तिचाच निघाला. इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवं ठेवा, कडेवर घेऊन पळू नका, १०८ ला फोन करा.

बहुतेक मुलांची अंड्याची ॲलर्जी शाळेच्या वयात हळूहळू मावळते. मावळली की नाही हे रुग्णालयात, डॉक्टरांसमोर थोडं थोडं अंडं देऊन ठरवतात. पुढच्या रविवारी आमलेटचा आणखी एक तुकडा देऊन जाऊबाईंनी ठरवायचं नाही.

प्रश्न (वाई): मोठ्याला अंड्याची ॲलर्जी आहे. धाकटी पाच महिन्यांची आहे. तिला दोन वर्षांची होईपर्यंत अंडं देऊ नये ना?

उत्तर: हा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर कदाचित मीच. सन २००० मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना दोन वर्षांपर्यंत अंडं देऊ नये असं सुचवलं, आणि मी ते वेदवाक्य मानून कितीतरी आयांना सांगितलं. २००८ मध्ये त्यांनीच ते मागे घेतलं. ही बातमी माझ्यापर्यंत पोचायला आणि पचायला आणखी काही वर्षं गेली. २०१७ मध्ये जपानमध्ये एक्झिमा, म्हणजे लाल, खरखरीत, खाजरी कातडी, असलेल्या बाळांवरचा अभ्यास आला. सहाव्या महिन्यापासून तापवलेल्या अंड्याची अगदी थोडी पूड रोज दिलेल्या बाळांपैकी वर्षाच्या वयाला ८ टक्क्यांना अंड्याची ॲलर्जी होती, न दिलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना. या बाळांची कातडी मात्र आधी औषधाने नीट आणली होती.

धाकटीचे गाल स्वच्छ असतील तर सहा महिने झाल्यावर कडक उकडलेलं अंडं कुस्करून पाव चमच्यापासून सुरू करा. सकाळी, दिवसभर डोळ्यांसमोर असेल अशा वेळी. चाललं तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा. एकदा देऊन महिनाभर विसरून जाण्यात अर्थ नाही. एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (नांदेड): वय ४६. भुर्जी-पाव खाल्ला की रात्री पोट फुगतं, करपट ढेकरा येतात. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबकडून ‘फूड इनटॉलरन्स’ची तपासणी केली, साडेआठ हजार रुपये लागले. नव्वद पदार्थांच्या यादीत अंडं, दूध, गहू, वांगं, शेंगदाणा लाल रंगात आले. चार महिने सगळं बंद आहे. वजन सहा किलो उतरलं. पोट अजून फुगतं.

उत्तर: वांगंसुद्धा! नांदेडात राहून वांगं आणि शेंगदाणा सोडणं म्हणजे वनवासच की.

या तपासणीत रक्तातली आयजीजी प्रतिद्रव्यं मोजतात. मघाची ती आयजीई वेगळी. एका अक्षराच्या फरकावर लोकांचे हजारो रुपये जातात. आयजीजी असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खात आला आहात, एवढंच. तुम्ही अंडं, गहू, वांगं खात होतात हे लॅबने साडेआठ हजारांत सांगितलं. वहिनींनी फुकट सांगितलं असतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्ये आणि अमेरिकेतल्या अकादमीने २०१० मध्ये ही तपासणी अन्न बाधतं की नाही ठरवण्यासाठी वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाधतो तो भुर्जी-पाव. नुसतं उकडलेलं अंडं खाऊन काय होतं, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. भुर्जीत दोन अंड्यांना मूठभर कांदा असतो, हिरवी मिरची, सढळ तेल, वर दोन पाव. कांदा आणि गहू या दोन्हींतली फ्रुक्टन नावाची साखर लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन तिथले जंतू ती आंबवतात आणि गॅस होतो. त्याला काही तास लागतात, म्हणून तुमचं पोट रात्री फुगतं. अंड्यात आंबवण्यासारखं पिष्ट जवळजवळ नसतंच. खटल्यात आरोपी तीन आणि शिक्षा एकट्या अंड्याला!

एक करा. आठवडाभर सकाळी उपाशीपोटी एक उकडलेलं अंडं, मीठ-मिरी लावून, सोबत पाव नाही आणि कांदा नाही. दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर भिंतीवर असेलच, त्याच चौकोनात खाल्ल्याची वेळ आणि फुगल्याची वेळ लिहा. दुसऱ्या आठवड्यात अंडं बंद, कांदा-पाव चालू. मन फार लबाड असतं, बाधेल असं वाटलं की पोट आज्ञाधारकपणे फुगतं. म्हणून तिसऱ्या आठवड्यात वहिनींनी कधी थालीपिठाच्या पिठात अंडं घालावं, कधी घालू नये, आणि कोणत्या दिवशी काय केलं ते तुम्हाला नंतर सांगावं. दोघांच्या संमतीने बरं का. आणि हा खेळ फक्त फुगणाऱ्या पोटासाठी. ज्यांना गांधी, सूज, धाप असं काही झालं आहे, त्यांनी तो घरी मुळीच करू नये.

दोन गोष्टी तपासून घ्या. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी. आणि सगळं खाणं पूर्ववत करूनही वजन उतरतच राहिलं तर पत्र लिहीत बसू नका, डॉक्टर गाठा.

प्रश्न (गुहागर): मुलगी नऊ महिन्यांची. दोनदा असं झालं की मऊ भातात कुस्करलेलं अंडं खाल्लं, छान खेळली, झोपली आणि दोन-अडीच तासांनी उलट्या सुरू. आठ-दहा उलट्या, शेवटी नुसतं हिरवट पाणी. अंग गार, पांढरी पडली, मान टाकली. दोन्ही वेळा रुग्णालयात सलाईन लावलं, विषबाधा म्हणाले. संध्याकाळी हसायला लागली. ॲलर्जीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, म्हणून आता अंडं चालेल असं सांगितलंय. मला भीती वाटते.

उत्तर: तुमची भीती बरोबर आहे. अंडं देऊ नका.

मी नवीन असतानाची गोष्ट सांगते. एक बाळ माझ्याकडे दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आलं. अगदी तुमच्या मुलीसारखं, पांढरं, गार, डोळे खोल गेलेले. पहिल्या वेळी मी पोटाचा संसर्ग म्हटलं, दुसऱ्या वेळी आईला बाटली नीट उकळत नाही म्हणून चार शब्द सुनावले. तिसऱ्या वेळी सलाईन लावत असताना बाळाचा बाप शेजारी येऊन उभा राहिला. एसटीत कंडक्टर होता. खिशातून छोटी वही काढून म्हणाला, ‘म्याडम, तिन्ही वेळा माझा रविवार होता. मी घरी असलो की अंडी आणतो. खाल्लं साडेनऊला, पहिली उलटी पावणेबारा. खाल्लं दहाला, उलटी बारा वीस. आज खाल्लं नऊ पन्नास, उलटी बारा पाच.’ वेबिलावर थांब्यांच्या वेळा लिहायची सवय त्याला. मी शिकले होते की ॲलर्जी म्हणजे मिनिटांत, गांधींसकट. सव्वादोन तासांनी नुसत्या उलट्या मला कुठेच बसवता येईनात. त्याला मात्र काही बसवायचं नव्हतं, त्याने फक्त लिहून ठेवलं होतं. अंडं बंद केलं आणि ते बाळ त्या कारणासाठी परत आलं नाही. आईची माफी मी मागितली, पण दुसऱ्या वेळेला बाटलीवरून ऐकून घेताना ती जशी खाली बघत उभी होती ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

या आजाराला एफपाइस म्हणतात. अन्नातल्या प्रथिनामुळे आतड्याला येणारी तीव्र प्रतिक्रिया. खाल्ल्यापासून एक ते चार तासांत वारंवार उलट्या, फिकेपणा, सुस्ती, काहींना नंतर जुलाब. गांधी नाहीत, ओठ सुजत नाहीत, ताप बहुधा नाही. यात आयजीईचा हात नसतो, म्हणून आयजीई शोधणारी तपासणी निगेटिव्ह येणारच. दरवाजाला कुलूप आहे, म्हणून खिडकीतून कुणी आलं नाही असं म्हणण्यासारखं आहे ते. विषबाधा असती तर त्याच भांड्यातलं खाल्लेल्या तुम्हालाही त्रास झाला असता, आणि पोर संध्याकाळी हसलं नसतं. जपानमध्ये अलीकडे असे रुग्ण बरेच दिसतात आणि तिथे बहुतेक वेळा कारण निघतं अंड्याचा बलक. त्यामुळे ‘पांढरं काढून बलक देते’ ही पळवाट इथे चालत नाही.

पुन्हा चुकून झालं तर इथे सेट्रिझिनचा उपयोग नाही. शिरेतून सलाईन आणि उलटी थांबवणारं ऑन्डॅन्सेट्रॉन लागतं, तेही लवकर. बालरोगतज्ज्ञांकडून एका कागदावर निदान, अंड्याचं नाव आणि हे उपचार लिहून घ्या आणि तो कागद लसीच्या कार्डाच्या पाकिटात ठेवा. रात्रीच्या ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला तुमच्या सांगण्यापेक्षा कागद लवकर पटतो. भाजलेला केकही स्वतः देऊन पाहू नका. भात ती एरवी खाते आहे आणि तेव्हा काही होत नाही, तर भात निर्दोष, तो चालू ठेवा. एफपाइस असलेल्या काही बाळांना मासे किंवा इतर एखादा पदार्थही बाधतो. तुमच्याकडे घरात मासे येणारच, तेव्हा नवा मासा एका वेळी एकच, दिवसा, थोडा. मुगाचं वरण, नाचणीचं सत्त्व, दही यांवर मूल उत्तम वाढतं. बहुतेक मुलं काही वर्षांत यातून बाहेर पडतात, पण ती परीक्षा रुग्णालयात, सलाईनची सोय हाताशी ठेवून घ्यायची.

प्रश्न (डोंबिवली): मी ३८ वर्षांची. आयुष्यभर अंडी खाल्ली. गेल्या वर्षापासून हाफ-फ्राय खाल्लं की ओठ आणि घसा खाजतो, एकदा गांधीही आल्या. पांढरं वेगळं खाल्लं तर काही नाही! या वयात ॲलर्जी होते का? घरात सध्या बाकी बदल काही नाही. लव्हबर्ड्सचे दोन पिंजरे गॅलरीत आहेत, पिंजरे साफ करताना मला शिंका फार येतात.

उत्तर: ‘बाकी बदल काही नाही’ म्हणत उत्तर तुम्हीच लिहिलंत. पक्ष्यांच्या पिसांतून आणि विष्ठेतून उडणाऱ्या धुळीत अल्फा-लिव्हेटिन नावाचं प्रथिन असतं. तेच कोंबडीच्या अंड्याच्या बलकातही असतं. आधी नाकाने ओळख झाली, मग जिभेला बाधायला लागलं. मुलांत बहुधा पांढरा भाग नडतो, मोठ्यांच्या या प्रकारात बलक. हे प्रथिन उष्णतेने बरंचसं मोडतं, म्हणून कच्चट हाफ-फ्रायवर त्रास जास्त. तूर्त बलक बंद, ॲलर्जीतज्ज्ञांकडे बलक आणि पिसं दोन्हींची तपासणी. घसा आवळला किंवा धाप लागली तर वाट न बघता रुग्णालय. पक्ष्यांना नवं घर शोधावं लागेल. निदान पिंजरा साफ करायचं काम तरी आजपासून घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या.

प्रश्न (फोंडा, गोवा): हॉटेल मॅनेजमेंट करतोय, सहा महिन्यांत क्रूझवर तारवटी (बोटीवरचा नोकर) म्हणून जायचंय. लहानपणापासून अंडं खाल्लं की गांधी येतात, भाजलेलं चालतं का ते कधी पाहिलं नाही. नाताळात मित्रांकडे काय खावं? बोटीसाठी लसी घ्याव्या लागतील, त्यांचं काय?

उत्तर: लसींचा मुद्दा वेळेचा, म्हणून आधी तो. फ्लूच्या लसीबद्दल काळजी नको. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२३-२४ च्या हंगामापासून अंड्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी तिच्या खास अटी काढून टाकल्या. पिवळ्या तापाची लस मात्र कोंबडीच्या गर्भात वाढवतात आणि तिच्यात अंड्यातलं प्रथिन खरोखर असतं. केंद्रावर रांगेत उभं राहिल्यावर नव्हे, आधी ॲलर्जीतज्ज्ञांना भेटा. ते लसीचीच त्वचेवर चाचणी घेऊन, लागलं तर थोड्या थोड्या भागांत देऊ शकतात, नाहीतर सवलतीचं प्रमाणपत्र. लसीचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून बोटीच्या तारखेच्या तोंडावर धावपळ करू नका. त्याच भेटीत भाजलेल्या अंड्याचाही निकाल लावून घ्या. तुमच्या धंद्यात ते कळणं गरजेचं आहे.

कुस्वाराच्या, म्हणजे नाताळच्या गोडाधोडाच्या, ताटात बेबिंका म्हणजे बलकांचाच थर, बोलिन्यांत आणि बाथमध्येही अंडं. दोदोल आणि दोस द ग्रांव सहसा बिनअंड्याचे. कुलकुलांच्या पिठात घरोघरी वेगळं, तेव्हा मित्राच्या आईला विचारा. ‘आंटी, यात अंडं आहे?’ विचारल्याने कुणी रागावत नाही, ‘जरासंच आहे’ हे उत्तर मात्र ‘हो’ असं ऐकायचं.

आपल्या देशात एक सोय फार चांगली आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका. आपल्या नियमांत अंडं मांसाहारात धरलं जातं, त्यामुळे चौकटीत हिरवा ठिपका असेल तर घटक म्हणून अंडं घातलेलं नसतं. अंडं असेल तर तपकिरी खूण, आणि ॲलर्जीच्या ओळीत अंड्याचा वेगळा उल्लेख करावा लागतो. बोटीवर गेलात की ही सोय संपली. तिथे पूर्ण लेबल वाचावं लागेल. काही परदेशी चीजमध्ये अंड्यातलं लायसोझाइम असतं, हे तर डोक्यातही येत नाही. सुट्या बेकरीमालाला इथेही ठिपका नसतो, आणि गाड्यावर व्हेज नूडल्स अंडा-राइसच्याच कढईत परततात. त्या कढईवर विश्वास ठेवू नका.

नोकरीचं विचारलं नाहीत, तरी सांगते: बेकरी-पेस्ट्रीचा विभाग मागू नका. अंड्याची पूड आणि फवारा श्वासातून जाऊन बेकरी कामगारांना दमा झाल्याची उदाहरणं आहेत. सर्व्हिस किंवा हाउसकीपिंग घ्या, आणि ॲड्रिनलिन सामानात नको, खिशात ठेवा.

प्रश्न (बार्शी): पांढरं अंडं बाधतं, गावरान चालेल का?

उत्तर: नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, आतलं प्रथिन तेच. बदकाचं आणि लाव्हीचंही बाधू शकतं. गावरान अंडं चाललं असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांना विचारा, किती वाजता खाल्लं होतं?